घरी शुभेच्छापत्रं करायची आहेत: २६ घरं, दोन मुलं आणि मी

शाईचा_डाग
सणाला अजून तीन आठवडे आहेत. यंदा विकतची शुभेच्छापत्रं आणायची नाहीत, सगळी घरी करायची, असं मी मोठ्या तोऱ्यात जाहीर करून बसले आहे. यादीत २६ घरं. कारागीर तीन: लेक (वय ७), धाकटा (साडेचार) आणि मी.

काल श्रीगणेशा केला. मांडामांड ४० मिनिटं, काम ११ मिनिटं, आवराआवर तासभर. हाती लागली दोन पत्रं. त्यातलं एक धाकट्याने काळंकुट्ट केलं. आधी मस्त पिवळाधमक सूर्य काढला होता. मी 'वा!' म्हणेपर्यंत काळा मेणखडू घेऊन त्याच्यावर फिरवायला सुरुवात. का रे, म्हटलं, तर म्हणतो, "रात्र झाली."

आता कबुलीजबाब. दोघं झोपल्यावर मी त्या काळ्यावर चंदेरी कागदाच्या चांदण्या कापून चिकटवल्या. कोपऱ्यात चंद्रकोर. दृष्ट लागण्यासारखं दिसत होतं हो! सकाळी त्याने पत्र उचललं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "हे कुणाचं आहे? माझं कुठे गेलं?" मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तर मुद्दा असा: पत्रं मुलांनीच केलेली हवीत, बघवतील अशी हवीत, वेळेत व्हायला हवीत. यातलं काय सोडायचं? ज्यांनी केलंय त्यांनी अनुभव लिहा.

खोडरबर
"रात्र झाली" :D
ते पत्र मला पाठवा. चांदण्या काढून.

उंटावरची_शहाणी
२६?? इथेच गणित चुकलंय. साडेचार वर्षांचं मूल एका बैठकीत मन लावून एक पत्र करतं, दुसरं उरकतं आणि तिसऱ्याला टेबलाखाली जातं. २६ करायची तर त्याला कामावर ठेवावं लागेल.

मोजपट्टी
आकडेमोड आधी करून घ्या, मग कला.
ए४ कागद २१० बाय २९७ मिमी. मधोमध घडी घातली की ए५ आकाराचं पत्र. अर्धा कापून मग घडी घातली की ए६, म्हणजे १०५ बाय १४८. याला सी६ पाकीट लागतं, ११४ बाय १६२. पाकिटं आधी आणा, पत्रं नंतर. आमच्याकडे एका वर्षी गोल पत्रं झाली होती. अतिशय सुंदर. एकही पोस्टात गेलं नाही.
कागद: प्रिंटरचा ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन इतके ग्रॅम) असतो, रंग लागला की लोळागोळा. २०० ते २५० जीएसएमची कार्डशीट घ्या. जाड कार्डशीटची घडी मुलांना जमत नाही, फाटल्यासारखी दिसते. त्यासाठी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घ्या, मग मूलसुद्धा नीट दुमडतं. आणि कागदाला धागा असतो. दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या बाजूने घडी घालायची. उलट घातली की कडा चिरते.

खोडरबर
मोजपट्टीकाका, साडेचार वर्षांच्या कारागिराला जीएसएम तुम्हीच समजावणार का?

मोजपट्टी
माझ्या नातीला समजतं. "हा लोळणारा कागद आणि हा उभा राहणारा कागद." झालं की.

ताई_बालवर्ग
लहान मुलांना शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

पहिलं म्हणजे, चांदण्या चिकटवल्याबद्दल जीव जाळू नका. आम्हीसुद्धा केलंय हे पाप. एका शाळेत (नाव नको) पालकांना द्यायच्या पत्रांचे फुगे आम्ही शिक्षिकांनी कापलेले, आम्हीच चिकटवलेले. मुलांनी फक्त ठिपके दिले, तेही आम्ही सांगितले तिथेच. चाळीस मुलं आणि चाळीस सारखी पत्रं. एका बाबांनी विचारलं, "यातलं माझ्या मुलीचं कुठलं?" तिने बोट दाखवलं ते भलत्याच पत्रावर. तेव्हापासून मी बंद केलं.

दुसरं म्हणजे वयाचा अंदाज. तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेघोट्यांतून बंद गोल निघायला लागतो. मग माणूस येतो, तोही डोक्यालाच हातपाय फुटलेला, पोट नाहीच. यात दुरुस्ती करायची नसते. कात्री तिसऱ्या वर्षी नुसती चुटुक-चुटुक चालते, चौथ्याच्या पुढेमागे सरळ रेघेवर येते, गोल कापणं त्याच्याही नंतर. थोडं मागेपुढे चालतंच. त्यामुळे धाकट्याला "हा तारा काप" म्हणणं म्हणजे रडारडीला आमंत्रण. त्याला कागद फाडायला द्या. फाडणं बोटांनाही चांगलं, आणि फाटक्या कडा चिकटकामात कापलेल्यापेक्षा उजव्या दिसतात.

आणि २६ चा उपाय: पत्रं करूच नका. मोठे कागद रंगवा.

शाईचा_डाग
ताई, शेवटचं वाक्य कळलं नाही.

ताई_बालवर्ग
जमिनीवर जुनी चादर, वर मोठे कागद. त्यांना हवं ते करू दे: स्पंज, ब्रश, पानांचे ठसे, बाटलीची बुचं. "पत्र" हा शब्दही काढू नका. वाळलं की एका पुठ्ठ्यात पत्राएवढी चौकट कापा आणि ती खिडकी त्या कागदावरून सरकवत न्या. मुलांनाच थांबायला सांगा: "इथे!" तिथे पेन्सिलीने आखा, तुम्ही कापा, दुमडलेल्या कार्डशीटवर चिकटवा. एका मोठ्या कागदातून सहज आठ-दहा निघतात. रंग त्यांचा, निवडही त्यांची. मोठ्यांनी फक्त कात्री चालवायची.

सुट्टीवरचा_बाबा
+१ त्या खिडकीला. आम्ही केलंय. मुलगा खिडकी घेऊन घरभर फिरायला लागला. भिंत, मांजर, माझं टक्कल. "इथे!"

स्पष्टवक्ता
वेगळा सूर लावतो, हलकं घ्या.
शुभेच्छापत्र घेणाऱ्यासाठी असतं. इथे सगळे देणाऱ्याच्या आनंदात बुडालेत. मला दर वर्षी चार घरांतून मुलांच्या रेघोट्या येतात. आत माझं नाव आईच्या अक्षरात, मुलाला मी कोण हेही माहीत नसतं. मुलाला मजा आली, ठीक आहे, पण मग ते घरच्या भिंतीवर लावा. काळा कागद पाहून एखादी म्हातारी दचकेल त्याचं काय?

शाईचा_डाग
स्पष्टवक्ता, टोचलं, पण खरं आहे. यादीतल्या २६ पैकी १० माणसं मुलांनी पाहिलेलीसुद्धा नाहीत. १६ वर आणली यादी. उरलेल्यांना फोन.

उंटावरची_शहाणी
बघा! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.

ताई_बालवर्ग
स्पष्टवक्ता यांच्याशी अर्धी सहमत. म्हणून सुरुवात रंगांनी नाही, माणसाने करायची. "हे मामाला. मामाला काय आवडतं रे?" माझा वर्गातला एक पठ्ठ्या म्हणाला, "मामाला झोपायला आवडतं." पत्रावर एक आडवी रेघ. मामाने ती लगेच ओळखली असणार.
काळ्याबद्दल मात्र असहमत. काळा अशुभ हे आपण नंतर शिकवतो. मुलाला काळा आवडतो कारण तो सगळ्यांवर चढतो.

चिंधी
आमचा मुलगा हाताला रंग लागू देत नाही. पंजाचे ठसे वगैरे विषयच नाही, एक थेंब लागला तरी नळाकडे धावतो. सगळ्या कल्पना 'बोटं बुडवा'पासून सुरू होतात म्हणून मी नाद सोडला होता. मग पेन्सिलीच्या मागच्या रबराचा ठसा सापडला. हात कोरडे, ठिपके एकसारखे गोल, तो खूश. आणि शार्पनरमधून निघणाऱ्या सालपट्या! त्यांच्या कडेला पेन्सिलीचा रंग असतोच. गोल चिकटवली की आपोआप झालर असलेलं फूल. टोक करत बसायचं काम त्याला इतकं आवडलं की दोन पेन्सिली बोटभर उरल्या.

खोडरबर
शार्पनरची सालपटं!! डबीत साठवायचो. दुधात भिजवली की खोडरबर होतं म्हणून कुणीतरी सांगितलं होतं. माझा आयडी तिथूनच आलाय.

सुट्टीवरचा_बाबा
झालं का मग खोडरबर?

खोडरबर
वास झाला.

जुनी_वही
अवांतर, पण धाग्याशी नातं आहे. नाताळचं पहिलं व्यावसायिक छापील पत्र १८४३ सालचं, लंडनमधलं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं. १८४० मध्ये एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली होती, सणाला पत्रांचा ढीग येऊ लागला, आणि प्रत्येकाला हाताने उत्तर लिहायला कोलसाहेबांना सवड नव्हती. म्हणजे विकतच्या पत्राचा जन्मच मुळी कष्ट वाचवण्यासाठी. आणि आपण १८० वर्षांनी ते कष्ट परत ओढवून घेतोय!
त्या चित्रात आनंदात पेले उंचावणारं कुटुंब आहे, आणि एका लहान मुलाच्याही ओठांना वाइनचा पेला लावलेला. त्यावरून तेव्हा टीकाही झाली.

स्पष्टवक्ता
म्हणजे पहिल्याच पत्रापासून मुलं, आणि पहिल्याच पत्रापासून तक्रार. माझी परंपरा जुनी आहे तर.

निळी_छत्री
चमकीबद्दल कुणी बोललंच नाही. आणूच नका. आमच्या घरी तीन वर्षांपूर्वीची चमकी अजून नवऱ्याच्या भुवईत सापडते. गंमत सोडा, बहुतेक चमकी प्लास्टिकचीच असते, आणि ती लावलेला कागद रद्दीतही नीट जात नाही. युरोपीय संघाने तर ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणलेत. आतून चकाकणाऱ्या वेष्टनांचे तुकडे कापून लावा, तेवढंच चमकतं आणि भुवईत जात नाही.
घरात तीनहून लहान मूल असेल तर मणी, बटणं, ते हलणारे डोळे हेही नकोत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्याने करतात. त्यात जे मावतं ते घशात अडकू शकतं असं धरतात. हलणारा डोळा त्यात डझनाने मावेल.

सुट्टीवरचा_बाबा
गोंदावर एक शब्द. पांढरा पातळ गोंद मुलाच्या हाती दिला की कागद ओला होऊन सुरकुततो, कारण मूल गोंद लावत नाही, ओततं. ग्लू स्टिक बरी. टोपण मात्र तुमच्या खिशात ठेवा. आणि रंगवलेलं पत्र वाळून वाकडं झालं तर मागच्या बाजूला पाण्याचा अगदी हलका फवारा, वर-खाली कोरे कागद आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली. शब्दकोश शेवटी कामाला आला.

चिंधी
अजून एक, पण हे बिघडलंही होतं. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूने चित्र काढायचं, वरून पातळ जलरंग फिरवला की मेणावर पाणी ठरत नाही आणि चित्र उमटतं. मुलाला जादू इतकी आवडली की म्हणाला, आजीला जादू न करताच पाठवू, तीच करेल. पाठवलं. सासूबाईंचा फोन: "अगं, पाकिटात कोराच कागद आलाय, तुझं लक्ष कुठे असतं?" आणि मागच्या बाजूवर त्यांनी वाण्याची यादी लिहून टाकली होती. मग फोनवरून सूचना देऊन यादीसकट रंगवलं. सोबत "यावर पाणीरंग फिरवा" अशी चिठ्ठी घालायला विसरू नका.

पेन्शनर_पेन
पत्रं घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण माझ्याकडे ती सगळी आहेत. बुटाच्या दोन खोक्यांत.

छान-छान केलेली पत्रं कुठली ते लगेच कळतं, आणि खरं सांगायचं तर ती परत काढून बघावीशी वाटत नाहीत. नातवाने सहाव्या वर्षी लिहिलेलं एक आहे: 'शुबेछा'. त्याला 'च्छा' जमेना. आधी 'च' काढलाय, मग खोडलाय, मग नुसता 'छा' मोठ्ठा. कागद खोडून खोडून पातळ झालाय, उजेडात धरला तर आरपार दिसतं. सुनेने सांगितलं, तो पाऊण तास त्या एका शब्दावर होता. आता तो दाढी करतो.

एकच विनंती. मागे मुलाचं नाव, वय आणि तारीख घाला. माझ्याकडची निम्मी पत्रं कुणाची यावरून दोन्ही मुलींत दर सुट्टीत वाद होतो.

ऱ्हस्वदीर्घ
'शुबेछा' गोड आहे, मान्य. पण आत मजकूर लिहून देणाऱ्या मोठ्यांनी तरी 'हार्दीक' लिहू नये. 'हार्दिक'. दि ऱ्हस्व.

खोडरबर
आलेच!

ऱ्हस्वदीर्घ
येणारच. आणि एक चांगलं सुचवतो. मुलाला लिहिता येत नसेल तर त्याला सांगू द्या, तुम्ही शब्दशः उतरवा. भाचीने मला सांगितलेला मजकूर: "काका, तुझ्या घरी यायचंय पण तुझा पंखा आवाज करतो. शुभेच्छा." मी पंखा दुरुस्त केला.

मोजपट्टी
मूळ प्रश्नाकडे. 'वेळेत' हा शब्द होता त्यात. कुणीतरी वेळापत्रक द्या, नाहीतर मी देईन.

उंटावरची_शहाणी
नको, मी देते. रोज संध्याकाळी एकच पत्र, १५ मिनिटं. सामान एका ट्रेमध्ये कायमचं मांडलेलं, म्हणजे मांडामांड-आवराआवर वाचते. १६ पत्रं, १६ दिवस. चुकलंमाकलं धरून तीन आठवड्यांत होतं. ज्याचं पत्र करायचं त्याचा फोटो समोर.

रेषारेषा
उशिरा वाचला धागा. शाईचा_डाग, तो काळा कागद अजून आहे का? तुम्ही लिहिलंय की खाली पिवळा सूर्य होता आणि वर काळा मेणखडू. अहो, हे तर खरवडचित्र आहे! खाली उजळ मेणखडू जाड घासायचा, वर काळा तसाच जाड, आणि दातकोरणीने किंवा बोथट काडीने ओरखडलं की खालचा रंग वर येतो. मुद्दाम असंच करतात. तुमच्या पोराने अर्धं काम करून ठेवलंय. चांदण्या हलक्या हाताने सोडवा, त्याच्या हातात काडी द्या आणि तिथून उठून जा.

शाईचा_डाग
उठून जा, हे माझ्यासाठी होतं, कळलं :) चांदण्या निघाल्या, थोडा काळा रंगही घेऊन निघाल्या. उद्या देते त्याला.

रेषारेषा
निघाला तिथे पिवळं दिसतंय?

शाईचा_डाग
दिसतंय!!

शाईचा_डाग
आज अठरावा दिवस, वृत्तान्त देते.

काडी दिली, "याच्या खाली काय आहे बघ" एवढंच म्हटलं आणि दाराआड गेले. बराच वेळ काही नाही. मग वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक जाड वाकडीतिकडी रेघ, काडी मोडेपर्यंत दाबून. खालून पिवळं असं काही उमटलं! म्हणे, "वीज पडली. आता सगळे जागे झाले." दुसऱ्या काडीने रेघेच्या खाली पाच ठिपके. ते आम्ही आहोत. (पाचवा कोण ते सांगत नाही.)

ट्रेची युक्ती चालली. खिडकीने एका कागदातून सात निघाली. लेकीला निवडीचं इतकं वेड लागलं की ती प्रत्येक तुकड्यापाशी "हे काकूसारखं दिसतंय, हे नाही" करत बसली. एका संध्याकाळी दोघांचं खडूवरून भांडण झालं, तो दिवस फुकट. दोन दिवस माझ्याच अंगात त्राण नव्हतं. एकूण झाली १४. दोन राहिली, ती राहिली.

'शुभेच्छा' लिहायचं कंत्राट लेकीकडे. 'भे' कधीकधी उलटा पडतो, मात्रा अनाथ होते. मी हात मागे बांधून उभी राहते. मागे नाव, वय, तारीख घातलीय, पेन्शनरकाका.

पेन्शनर_पेन
वा. वीज कुणाला पाठवली?

शाईचा_डाग
कुणाला नाही. द्यायची नाही म्हणाला. त्याच्या उशीखाली आहे, उशीला काळा रंग लागलाय.

स्पष्टवक्ता
उत्तम. मी म्हणत होतो ते हेच.

खोडरबर
आणि त्या चंदेरी चांदण्या? टाकल्या?

शाईचा_डाग
नाही. परवा रात्री दोघं झोपल्यावर बसले, नवीन काळी कार्डशीट घेतली आणि माझं मीच पत्र केलं. चंद्रकोरीसकट. आईला पाठवलंय. मागे लिहिलं: नाव, तारीख, वय ३८.

मोजपट्टी
पाकिटात बसलं का?

शाईचा_डाग
कोपरे कापून.